पाटीपासून पाऊचपर्यंत: लहान उद्योगाला लोगो कशासाठी लागतो?

राज्यातील दुकानांच्या पाट्या मराठीत असाव्यात यासाठी २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मुंबईतील किरकोळ व्यापाऱ्यांच्या संघटनेने तिला आव्हान दिले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांचा अवधी दिला. त्या निमित्ताने पाटीवर नेमके काय, कोणत्या अक्षरांत आणि किती मोठे लिहायचे याकडे बऱ्याच दुकानदारांचे प्रथमच लक्ष गेले. त्याच सुमारास मोबाईलवर दोन ओळी लिहिल्या की मिनिटभरात रंगीत चित्र काढून देणारी एआय साधने सर्वांच्या हाती आली. परिणामी आज फैजपूरला केळी वेफर्सचा किंवा शिरपूरला काळ्या मसाल्याचा उद्योग सुरू करू पाहणाऱ्या माणसाला एकाच वेळी तीन परस्परविरोधी सल्ले मिळतात. भाचा सांगतो की लोगो फुकट होतो. छापखानेवाला सांगतो की पाऊच छापताना तो स्वतःच लोगो ‘बसवून’ देईल. आणि शहरातील एखादी एजन्सी ‘ब्रँड आयडेंटिटी’ या नावाखाली असे दरपत्रक पाठवते, की तेवढ्या रकमेत केळीचे काप करणारे यंत्र येईल.

या तिघांपैकी कोणाचे किती ऐकायचे हे ठरवायचे असेल, तर लोगो मुळात कोणते काम करतो हे आधी समजून घ्यायला हवे. नाव, अक्षरे, रंग, नोंदणी आणि खर्च या सगळ्यांचे निर्णय त्या एका उत्तरावर अवलंबून आहेत.

लोगो, ओळख आणि पत

गावात कोणाच्या घराचा पत्ता विचारला तर घर क्रमांक कोणी सांगत नाही. ‘मारुतीच्या पारासमोरचे निळ्या दाराचे घर’ असे सांगतात. ते निळे दार म्हणजे लोगो: लांबून दिसणारी, एका दमात सांगता येणारी खूण. दाराबरोबर भिंतीचा रंग, सारवलेला ओटा, त्यावरची बाज, तुळशीवृंदावन असे सगळे मिळून त्या घराचे जे रूप डोळ्यांत बसते, त्याला ब्रँड आयडेंटिटी म्हणजे दृश्य ओळख म्हणता येईल. उद्योगाच्या बाबतीत या दृश्य ओळखीत पाटी, पाऊच, पावतीपुस्तक, टेम्पोवरची अक्षरे, कामगारांचे टी-शर्ट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे चित्र इतके सगळे येते. आणि ‘त्या घरी पाहुण्याला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत’ असे जे गाव म्हणते, तो ब्रँड. जुन्या व्यापाऱ्यांच्या भाषेत त्याला पत म्हणतात. दाराचा रंग आणि ओट्याचे रूप घरमालक ठरवतो. पत मात्र गाव ठरवते, आणि ती कोणत्याही डिझायनरकडून विकत घेता येत नाही.

एजन्सी ‘ब्रँड तयार करून देतो’ असे म्हणते तेव्हा प्रत्यक्षात ती पहिल्या दोन गोष्टी तयार करून देत असते. त्या गोष्टींना मोल आहे, पण त्या पतीची जागा घेत नाहीत, हे दरपत्रक वाचताना ध्यानात ठेवलेले बरे.

लोगोने सगळे सांगायचे नसते

नवा उद्योजक डिझायनरकडे जातो तेव्हा त्याची मागणी बहुधा अशी असते: लोगोत केळीचा घड हवा, मागे सातपुडा हवा, खाली तापी वाहती हवी, एका कोपऱ्यात आजीचे चित्र हवे आणि नावाखाली ‘शुद्ध, ताजे, कुरकुरीत’ हेही हवे. या मागणीमागची भावना समजण्यासारखी आहे, पण लोगो हे जाहिरातीचे पत्रक नाही. लोगोचे काम ओळखू येणे एवढेच आहे. वर्णन करण्याचे काम पाऊचवरच्या इतर मजकुराने आणि छायाचित्राने करायचे असते.

स्टेट बँकेचे चिन्ह पाहा. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ मध्ये केलेल्या या चिन्हात नोटा नाहीत, नाणी नाहीत, तिजोरीही नाही. एक निळे वर्तुळ, त्याच्या मधोमध लहानसे छिद्र आणि तिथून खाली उतरणारी एक फट, इतकेच. कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कोणाला आणखी काही. परंतु अक्षर न वाचता येणारी वृद्ध बाईसुद्धा रस्त्याच्या पलीकडून ते चिन्ह पाहून बँक शोधते. पन्नासहून अधिक वर्षे ते टिकले याचे कारण त्यात भरलेला अर्थ नव्हे. ते साधे आहे, दुसऱ्या कशासारखे दिसत नाही आणि सगळीकडे तसेच वापरले गेले.

आता रावेर, सावदा किंवा भुसावळच्या एखाद्या किराणा दुकानात केळी वेफर्सची माळ टांगलेली असते ती डोळ्यांसमोर आणा. बहुतेक प्रत्येक पाऊचवर केळी, बहुतेक प्रत्येक पाऊच पिवळे नाहीतर हिरवे. आत वेफर्स आहेत हे पारदर्शक खिडकीतून दिसतेच आहे, ते पुन्हा चित्राने सांगून काही साधत नाही. गेल्या आठवड्यात आवडलेले वेफर्स यांपैकी कोणते होते, हे मात्र गिऱ्हाइकाला आठवत नाही, आणि लोगोने नेमके तेच काम करायचे होते. अशा माळेत केळीचे चित्र नसलेला, गडद निळा किंवा विटकरी पाऊच अधिक लवकर सापडेल. हे ऐकून पुष्कळ उद्योजक अस्वस्थ होतात, कारण ‘आपल्या धंद्यात पिवळाच रंग चालतो’ असे त्यांना सांगितलेले असते. चालत असेलही, पण सगळ्यांचाच चालतो आहे.

चित्राच्या आधी नाव

लहान उद्योगाने लोगोवर जेवढा विचार करायचा, त्याच्या दुप्पट नावावर करावा असे माझे स्पष्ट मत आहे. लोगो पाच वर्षांनी सुधारता येतो. नाव बदलणे म्हणजे जवळपास नव्याने सुरुवात करणे.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ प्रमाणे मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा उगमस्थान एवढेच सांगणाऱ्या शब्दांची नोंदणी सहसा होत नाही. त्यामुळे ‘खान्देश केळी वेफर्स’ हे नाव गिऱ्हाइकाला लगेच कळते, तरी ते कोणा एकाच्या मालकीचे होणे कठीण. शेजारच्या गल्लीत दुसऱ्याने ‘न्यू खान्देश केळी वेफर्स’ काढले तर त्याला अडवणार कशाच्या जोरावर? याच्या दुसऱ्या टोकाला ज्यांना शब्दकोशात काहीच अर्थ नाही अशी बनवलेली नावे असतात. ती कायद्याच्या दृष्टीने सर्वांत भक्कम, परंतु लोकांच्या तोंडी बसवायला वेळ आणि पैसा लागतो. लहान उद्योगाला बहुधा मधली वाट सोयीची पडते: मालाशी लांबचा धागा असलेला, पण त्याचे थेट वर्णन न करणारा शब्द. केळीच्या झाडातून घड बाहेर पडू लागतो त्याला बागायतदार ‘निसवण’ म्हणतात. असा एखादा शब्द वेफर्सला शोभून दिसतो, बागायतदाराला आपला वाटतो आणि शहरातल्या माणसाला वेगळा वाटतो.

अरुंद नावाचे पुढे काय होते याचे उदाहरण खान्देशातच आहे. १९४५ मध्ये अमळनेरला ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन झाली आणि वनस्पती तूप बनवू लागली. नावात प्रदेशही होता आणि मालही होता. पुढे कंपनी वनस्पती तुपाच्या पलीकडे गेली, संगणकांच्या व्यवसायात उतरली, आणि त्या लांबलचक नावातील आद्याक्षरांपासून झालेले ‘विप्रो’ हे आखूड नाव जगभर चालले. मूळ नावाने संगणक विकायची कल्पना करून पाहावी. आज वेफर्स करणारा उद्योग उद्या केळीचे पीठ, बेसनाची शेव किंवा कळणाचे पीठ विकू लागला, तर ‘वेफर्स’ हा शब्द नावात अडकलेला नसणे फायद्याचे ठरते.

नावाबाबत आणखी दोन बंधने आपल्याकडे हमखास आडवी येतात. पहिले बंधन भौगोलिक मानांकनाचे, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या मालाला कायद्याने मिळालेल्या सामूहिक ओळखीचे. जळगावच्या केळीला आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये असे मानांकन मिळाले. ही ओळख तेथील उत्पादकांची सामाईक असते. अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवून उत्पादकाला ती वापरता येते, पण ‘जळगाव केळी’ हे आपले खासगी व्यापारचिन्ह आहे असा दावा कोणालाही करता येत नाही. दुसरे बंधन थोर पुरुषांच्या नावांचे. बोधचिन्हे आणि नावे यांच्या गैरवापराला प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या केंद्रीय कायद्याच्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा गांधी यांचे नाव व चित्र येते, आणि राष्ट्रध्वजही येतो. आदरापोटी का होईना, मसाल्याच्या पुड्यावर महाराजांची प्रतिमा घालून ती व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येणार नाही.

आजोबांच्या नावाने धंदा चालत नाही का?

चालतो. जळगावच्या सराफ बाजारातील पेढ्या घराण्यांच्या नावानेच ओळखल्या जातात, आणि सोन्यासारख्या व्यवहारात ओळखीचे आडनाव हीच मोठी हमी असते. स्वतःचे नाव स्वतःच्या धंद्यासाठी प्रामाणिकपणे वापरण्याला कायद्याने संरक्षणही दिले आहे. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे. त्याच आडनावाची इतर घरेही तो हक्क सांगू शकतात, आणि भाऊ वेगळे निघाले की दुकान, माल, उधारी यांची वाटणी होते, पण नाव कोणाच्या वाट्याला गेले हे वाटणीपत्रात बहुधा लिहिलेलेच नसते. मग एकाच रस्त्यावर ‘मूळ’, ‘जुने’ आणि ‘एकमेव’ अशा तीन पाट्या लागतात. घराण्याचे नाव घ्यायचेच असेल, तर ते कोणाच्या नावे नोंदले जाईल आणि घर विभागल्यावर कोण वापरील, हे पहिल्याच वर्षी कागदावर आणावे.

मराठी अक्षरे ही नंतरची गोष्ट नव्हे

नव्या उद्योगांचे लोगो बहुधा रोमन अक्षरांत तयार होतात आणि मराठी पाटीची वेळ आली की कोणीतरी संगणकावर पहिला सापडेल तो देवनागरी फाँट लावतो. फाँट म्हणजे एका वळणाच्या अक्षरांचा संच. असे झाले की पाटीवर दोन वेगळी दुकाने असल्यासारखे दिसते. शिवाय दुरुस्त कायद्यानुसार पाटीवर मराठी मजकूर आधी हवा आणि त्यातील अक्षरे इतर कोणत्याही लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नकोत. म्हणजे जे अक्षर सर्वांत आधी आणि निदान बरोबरीने मोठे दिसणार आहे, त्याचाच विचार शेवटी होतो.

देवनागरीची स्वतःची काही गणिते आहेत. रोमन कॅपिटल अक्षरे एका पट्टीत बसतात. आपल्या अक्षरांना शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांसाठी, तर खाली उकार व जोडाक्षरांसाठी जागा लागते. रोमन अक्षरांच्या मापाने चौकट आखली की ‘खान्देशी’तली वेलांटी वर कापली जाते किंवा सगळा शब्दच बारीक करावा लागतो. अक्षर फार जाड केले तर ‘क्ष’, ‘ण’, ‘ळ’ यांच्या पोकळ्या लहान आकारात बुजतात आणि पन्नास ग्रॅमच्या पाऊचवर ‘काळा’ शब्द शाईच्या डागासारखा दिसू लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. ‘मसाले’ या शब्दातील ‘ल’ आणि ‘शेव’ या शब्दातील ‘श’ शाळेत आपण ज्या वळणाने गिरवले, त्या वळणाने ते बहुतेक फाँटांत आपोआप येत नाहीत. येते ते हिंदीत रूढ असलेले वळण. चांगल्या फाँटांत दोन्ही रूपे भरलेली असतात आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडली की मराठी रूप येते, पण ती निवड करावी लागते हे अनेक डिझायनरांच्या गावी नसते. हिंदी वळण चूक आहे असे नाही. मात्र घरगुती खान्देशी चवीचा दावा करणाऱ्या पाऊचवर ते अक्षर, का ते सांगता न येताही, मराठी डोळ्याला किंचित परके वाटते.

फाँट फुकट उतरवून घेतला म्हणजे तो धंद्यासाठी वापरायची परवानगी मिळाली असे होत नाही. काही फाँट केवळ वैयक्तिक वापरापुरते मोफत असतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ यांसारखे खुल्या परवान्याचे फाँट मात्र व्यवसायासाठीही निर्धास्तपणे वापरता येतात. अहिराणीची गोडी आणायची असेल, तर ‘खान्देशनी चव’ अशा धर्तीची एखादी ओळ पाऊचवर जरूर असावी, पण ती लोगोच्या बाहेर, वेगळी ठेवावी. ओळ दरवर्षी बदलता येते.

रंगांची किंमत छापखान्यात कळते

संगणकाच्या पडद्यावर रंग प्रकाशाचा असतो आणि कागदावर शाईचा, त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत पोपटी छपाईत मंद दिसतो. यात छापखान्याचा दोष नसतो. म्हणून लोगोचे रंग केवळ नजरेने न ठरवता छपाईच्या चार शायांतील (निळी, लालसर गुलाबी, पिवळी व काळी) त्यांचे प्रमाण आकड्यांत लिहून घ्यावे लागते. ते लिहिलेले नसेल तर पाऊच एका लाल रंगाचे, पाटी दुसऱ्या आणि खोके तिसऱ्या लाल रंगाचे होते.

रंगांची संख्याही खिशाला लागते. वेफर्सचे पाऊच मोठ्या प्रमाणावर ज्या रोटोग्राव्हर पद्धतीने छापतात, तीत प्रत्येक रंगासाठी वेगळा कोरलेला धातूचा सिलिंडर तयार करावा लागतो. सात रंगांच्या चित्राला सात सिलिंडर, आणि मजकुरात बदल झाला की त्या त्या रंगाचे सिलिंडर पुन्हा. शिवाय पाऊचही थोडेथोडके छापून मिळत नाहीत. कापडी पिशवीवरच्या स्क्रीन प्रिंटिंगलाही प्रत्येक रंगाची वेगळी जाळी लागते. म्हणूनच नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिले वर्षभर साधा कोरा पाऊच घेऊन त्यावर एक-दोन रंगांचा छापील स्टिकर लावण्यात कमीपणा मानू नये. माल, वजन, किंमत या सगळ्यांत पहिल्या वर्षात बदल होतातच.

पाऊचवरची जागा आपल्याला वाटते तेवढी आपली नसते. शाकाहारी पदार्थाची हिरवी खूण, एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, घटक, उत्पादनाची तारीख, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे छापावेच लागते. डिझायनरला ही यादी आधी द्यावी. नाहीतर देखणा आराखडा तयार होतो आणि शेवटी सगळा कायदेशीर मजकूर मुंगीच्या अक्षरांत एका कडेला कोंबावा लागतो.

पाटीचा विचार उन्हाळ्याला धरून करावा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेली फ्लेक्सची पाटी दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन खाते. छपाईच्या शायांपैकी पिवळी आणि लालसर गुलाबी शाई आधी उडते, निळी आणि काळी जास्त टिकते; जुने फ्लेक्स निळसर दिसतात ते यामुळे. लाल-पिवळ्या रंगांवर उभा असलेला लोगो फ्लेक्सवर छापण्यापेक्षा रंगीत अ‍ॅक्रिलिकची किंवा धातूची अक्षरे कापून लावणे सुरुवातीला महाग वाटले तरी दर उन्हाळ्यानंतर नवी पाटी करण्यापेक्षा परवडते.

आणि आता छापखान्यातला नेहमीचा प्रसंग. उद्योजक व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले लोगोचे चित्र दाखवतो. संगणकावर बसलेला ऑपरेटर विचारतो, ‘कोरलची फाइल नाही का?’ कोरल म्हणजे छापखान्यात चित्र-अक्षरे आखण्याचे सॉफ्टवेअर. ती फाइल नसते. मोबाईलमधले चित्र ठिपक्यांचे बनलेले असल्याने मोठे केले की कडा फुटतात. पाटीसाठी लागते ती वेक्टर फाइल, म्हणजे रेषा आणि वळणे गणिताने साठवलेली, कितीही मोठी केली तरी न फुटणारी. मग ऑपरेटर त्या चित्रावरून अंदाजाने नवीन रेषा काढतो, अक्षर त्याच्याकडच्या फाँटातले लावतो आणि काम उरकतो. पाटीवाला, पाऊचवाला आणि पावतीपुस्तकवाला अशा तिघांनी हेच केले की एका उद्योगाचे तीन लोगो होतात. त्यामुळे डिझायनरचा हिशेब चुकता करण्यापूर्वी वेक्टर स्वरूपातील मूळ फाइल, पीडीएफ, पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्र, केवळ काळ्या रंगातील आवृत्ती आणि रंगांचे आकडे व फाँटांची नावे लिहिलेले एक पान एवढे हातात घ्यावे.

काळ्या आवृत्तीचा आग्रह उगाच नाही. झेरॉक्स, वर्तमानपत्रातील छोटी जाहिरात, रबरी शिक्का, खोक्यावरचा छाप येथे रंग नसतोच. लोगो काळ्या रंगात, अंगठ्याच्या नखाएवढा करून हातभर अंतरावरून पाहावा; व्हॉट्सअ‍ॅपच्या वर्तुळात बसवला की कडेची अक्षरे कापली जातात का तेही पाहावे. सातपुडा, तापी आणि आजी या परीक्षेत बहुधा टिकत नाहीत.

मोबाईलवर फुकट मिळतो, मग पैसे कशाला?

हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. सुचण्याच्या टप्प्यावर एआय साधने खरोखर उपयोगी आहेत. दहा दिशा कागदावर पाहायला मिळाल्या तर डिझायनरला आपल्याला काय नको ते सांगता येते. पण तयार झालेले चित्र तसेच लोगो म्हणून वापरण्यात काही धोके आहेत. ही साधने देवनागरी जोडाक्षरे आणि मात्रा अजूनही अनेकदा मोडतात. मिळालेले चित्र ठिपक्यांचे असते, म्हणजे छापखान्यातला वरचा प्रसंग ठरलेला. ‘केळी वेफर्ससाठी लोगो’ असे मागणाऱ्या सगळ्यांना साधारण एकाच साच्यातली चित्रे मिळतात, आणि ज्याचे कामच वेगळे ओळखू येणे आहे त्याच्या बाबतीत हा दोष लहान नाही. तयार साचे देणाऱ्या संकेतस्थळांवर तर तेच पान, तोच घड इतर हजारो लोक वापरू शकतात, आणि अशा सामाईक चित्रांवर व्यापारचिन्हाचा हक्क सांगता येणार नाही असे त्यांच्या अटींतच अनेकदा लिहिलेले असते.

पैसा खरोखरच नसेल तर माझा सल्ला साधा आहे: चित्राच्या नादी लागू नये. चांगल्या खुल्या फाँटात, नीट अंतर राखून लिहिलेले केवळ नाव, एका रंगात, हा पूर्ण लोगो असतो. किंवा गावातल्या हाताने पाटी रंगवणाऱ्या पेंटरकडून नाव लिहून घ्यावे आणि डिझायनरकडून त्याची वेक्टर फाइल करून घ्यावी. ते अक्षर दुसऱ्या कोणाकडे असणार नाही.

मात्र पेंटर असो की डिझायनर, कागद करून घ्यावा. बाहेरच्या माणसाकडून काम करून घेतले आणि पैसे दिले, म्हणून त्या कलाकृतीचा कॉपीराइट आपोआप आपल्याकडे येईलच असे कायदा मानत नाही. हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या स्वाक्षरीसह असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांपुरते धरले जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. ‘कायमस्वरूपी आणि जगभरासाठी’ असे दोन शब्द त्या कागदावर असायला हवेत.

दुकानाची नोंदणी झाली, म्हणजे नाव आपले झाले का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत महाग पडतो. जीएसटी, उद्यम (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) किंवा दुकान नोंदणीच्या प्रमाणपत्रावर नाव छापून आले, म्हणजे त्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळाला असे होत नाही. कंपनी त्या नावाने नोंदली तरीही नाही. त्यासाठी ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारचिन्ह, वेगळे नोंदवावे लागते.

माल आणि सेवा मिळून ४५ वर्ग केलेले आहेत आणि अर्ज वर्गवार होतो. वेफर्स आणि लोणची २९ व्या वर्गात येतात, मसाले ३० व्या, दागिने १४ व्या, उपाहारगृहे ४३ व्या. ऑनलाइन अर्जाचे शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,००० रुपये आहे. वकिलाचे शुल्क निराळे. अर्ज करण्यापूर्वी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर सारखी दिसणारी आणि सारखी ऐकू येणारी नावे फुकट शोधता येतात, आणि हा शोध पाटी लावण्याच्या आधी घ्यायचा असतो. तपासणीनंतर चिन्ह नोंदणी कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होते, त्यावर हरकतीसाठी चार महिने असतात, आणि नोंदणी मिळाली की ती दहा वर्षे चालते व पुढे नूतनीकरण होते. दरम्यान नावापुढे ‘टीएम’ लिहिता येते; वर्तुळातला ‘आर’ मात्र नोंदणी हाती येईपर्यंत लावायला कायद्याने मनाई आहे.

एकाच अर्जापुरते पैसे असतील तर चित्रासकट लोगो न नोंदवता नुसते नाव शब्दचिन्ह म्हणून नोंदवावे. तेव्हा ते कोणत्याही अक्षरांत, कोणत्याही रंगात लिहिले तरी संरक्षण मिळते. चित्र नोंदवायचेच असेल तर काळ्या-पांढऱ्यात नोंदवावे, कारण रंगाची मर्यादा न घालता नोंदलेले चिन्ह सर्व रंगांसाठी नोंदले असे मानले जाते. आणि नोंदणी होवो न होवो, त्या नावाने काढलेली पहिली बिले, छपाईच्या पावत्या, पाटीचे तारखेसह छायाचित्र जपून ठेवावे. भारतीय कायद्यात आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क मोठा आहे, पण तो कागदांनी सिद्ध करावा लागतो.

माल चांगला असला की पुरे नाही का?

महामार्गावरच्या शेवभाजीच्या ढाब्याला ठळक, वाचता येणारी पाटी आणि उजेड असला की बरेचसे भागते. तिथे गिऱ्हाईक रश्श्याच्या वासाने आणि ट्रकवाल्यांच्या गर्दीने थांबते. समोरासमोर विकणाऱ्याला लोगो कमी लागतो हे मान्यच करायला हवे. प्रश्न येतो तो माल मालकाच्या नजरेआड विकला जाऊ लागतो तेव्हा. यावलचे वेफर्स सुरतच्या दुकानात टांगले जातात तिथे चव सांगायला कोणी उभे नसते. पहिले पाऊच कुतूहलाने किंवा किमतीमुळे उचलले जाते, त्यावर लोगोचा फारसा अंमल नाही. दुसऱ्यांदा तेच पाऊच सापडावे लागते, आणि चांगल्या मालाचा फायदा मालकाला तेव्हाच होतो. माल वाईट असेल तर ठळक लोगो तोही लक्षात ठेवायला लावतो.

पुढे बदलायचा झाला तर

बदलता येतो. अमळनेरच्या तुपापासून निघालेल्या त्याच कंपनीने १९९८ मध्ये सप्तरंगी फूल स्वीकारले आणि २०१७ मध्ये ते बाजूला ठेवून ठिपक्यांनी वेढलेले नाव घेतले. ‘विप्रो’ हे नाव मात्र दोन्ही वेळा तेच राहिले. लहान उद्योगाने पहिल्या दोन-तीन वर्षांत, लोकांना खूण ओळखीची होते आहे तोवर, केवळ स्वतःला कंटाळा आला म्हणून तिला हात लावू नये. मालक आपला लोगो दिवसातून शंभर वेळा पाहतो, गिऱ्हाईक महिन्यातून एकदा.

बदल करताना नोंदणीचा हिशेब असा आहे: नोंदलेल्या चिन्हात त्याची मूळ ओळख फारशी बदलणार नाही इतपतच फेरफार परवानगीने करता येतो, चित्र मुळातून बदलले तर नवा अर्ज, नवे शुल्क आणि पुन्हा चार महिन्यांची हरकतींची मुदत. शब्दचिन्ह वेगळे नोंदलेले असेल तर ते या सगळ्यात शाबूत राहते. छापून ठेवलेले जुने पाऊच फेकण्याची गरज नाही, पण ते संपण्याच्या बेतात असतानाच नवे सिलिंडर सांगावेत, आणि पाटी, टेम्पो व व्हॉट्सअ‍ॅपवरचे चित्र त्याच आठवड्यात बदलावे.